एकतर म्हैस, नाहीतर मुलगी

नोटीस दोन पानांची होती. आईनं ती वाचली आणि एका ओळीत आणली, "म्हंजे एकतर म्हैस घालवा, न्हाईतर पोरगी घालवा. व्हय की न्हाई?"

"तसंच," पप्पा म्हणाले.

"मग पोरगीच घालवू. ही कुठं दूध देती?"

एरवी मी हसले असते आणि उलट चार सुनावलेही असते. त्या दिवशी नाही, कारण पप्पा हसत नव्हते. ते गोठ्याच्या दाराकडं बघत होते आणि त्यांचं ठरलेलं होतं. मला ते त्यांच्या मानेवरनंच कळतं.

माझं नाव राजनंदिनी कोराणे. गल्लीत नंदू. वय पंधरा, इयत्ता दहावी, राहणार कोल्हापूर, भर पेठेत. साल २०४१ आहे आणि अख्ख्या शहरात आता गोठे उरलेत सात. त्यातला एक आमचा. त्या गोठ्यात एक म्हैस, हौसा. रोज संध्याकाळी पप्पा तिला कट्ट्यावर नेतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. आमच्या पणजोबांपासून हे चालू आहे. हौसा माझ्याहून आठ वर्षांनी लहान. तिचा जन्म झाला तेव्हा तिला पुसायला मी माझा शाळेचा टॉवेल दिला होता आणि त्याबद्दल मार खाल्ला होता. ही म्हैस आता घालवायची म्हणे, कारण मी शिंकते.

शिंकते म्हणजे नुसतं शिंकत नाही. गेली दोन वर्षं नाक गळतं, डोळे सुजतात, छातीत मांजर गुरगुरल्यागत आवाज येतो. एकदा तर तोंडावर मास्क लावून दवाखान्यात दोन दिवस काढलेत. आजार खरा आहे, ते मी नाकारत नाही. माझी तक्रार निकालाबद्दल आहे.

तो निकाल दिला घरांकानं. बारा ते अठरा वयाचं पोर ज्या घरात शिंकतं नाहीतर धापा टाकतं, तिथं घरांक केंद्राची माणसं एक पेटी आणून ठेवतात. लाडवाच्या डब्याएवढी, पांढरी. ती दिवसरात्र घरातली हवा ओढते आणि त्या हवेतल्या धुळीत काय काय आहे ते वेगळं काढते. गादीत राहणारे, डोळ्याला न दिसणारे किडे आणि त्यांची घाण, बुरशीचे कण, जनावराचे केस आणि कोंडा, धूर, रंगाची वाफ, सगळं. आईनं तिचं नाव ठेवलं चोंबडी. दुसरीकडं पोराच्या मनगटाला एक पट्टा बांधतात. अॅलर्जी म्हणजे शरीराच्या राखणदाराचा गैरसमज. गल्लीतलं कुत्रं चोराला सोडून पोस्टमनवर भुंकतं ना, तसं. भुंकताना हे राखणदार जी रसायनं सोडतात त्यांचा माग घामात लागतो आणि पट्टा तो मोजतो.

मग यंत्र दोन रेघा एकावर एक ठेवतं. पट्ट्याची रेघ वर गेली तेव्हा हवेत काय वाढलेलं होतं? जे वाढलेलं असेल ते गुन्हेगार. सात दिवसांच्या वाचनानंतर घराला शंभरपैकी आकडा मिळतो, तोच घरांक. चाळीसच्या खाली आलात की एकतर गुन्हेगार घराबाहेर, नाहीतर पोर स्वच्छ-निवासात. म्हणजे गाळलेल्या हवेच्या वसतिगृहात, अठरा पूर्ण होईपर्यंत. आमचा आकडा आला एकतीस आणि गुन्हेगाराच्या रकान्यात लिहिलं होतं, म्हैस.

"कागलच्या मामांना सांगितलंय," पप्पा म्हणाले. "पुढच्या रविवारी टेम्पो घिऊन येत्यात."

"हौसा कुठं जाणार न्हाई."

"नंदू, तुझा श्वास मोठा का म्हैस मोठी?"

"श्वास माझा हाय न्हवं? मग मला इचारा की!"

"तुला इचारून काय करू? दवाखान्यात तुझं व्हट निळं पडल्यालं मी बघितल्यात, तू न्हाई."

ते बोलले ते खरंच होतं. मी तेरा वर्षांची असताना मला पहिली मोठी सर्दी झाली. तेव्हा अख्ख्या वर्गाला झाली होती, पण पप्पांनी धसका घेतला. हौसाची आई आणि बहीण, दोन्ही म्हशी त्यांनी विकल्या आणि त्या पैशात गोठ्याला लागून असलेली आमची झोपायची खोली माझ्यासाठी नवी करून घेतली. एसी, जाड फोमची गादी, खाली गालिचा, मखमली पडदे. गोठ्याकडं उघडणारी एक खिडकी होती, ती त्यांनी स्वतःच्या हातानं फळ्या मारून बंद केली, वर प्लायवूड ठोकलं. "माझ्या लेकीला गोठ्याचा वारा नको," असं गल्लीभर सांगत फिरले. आई त्या खोलीला काचमहाल म्हणते. पाहुणा आला की चहाआधी काचमहाल दाखवायचा, ही आमच्या घरची रीत झाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी थेट घरांक केंद्रात गेले. तिथं देशमाने मॅडम बसतात. चष्मा कपाळावर, डबा अर्धा खाल्लेला.

"मला आमचा आलेख दाखवा," मी म्हणाले.

"पालक कुठायत?"

"पालक म्हशीसाठी टेम्पो बघायलेत. आलेख माझ्या घामाचा हाय, तो तरी दाखवा."

त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडं वळवला. सात दिवसांत रेघ अधूनमधून वर जात होती, पण एके दिवशी तिनं डोंगर केला होता. त्याच दिवशी म्हशीच्या केसांची रेघही आभाळाला भिडलेली. यंत्रानं त्या डोंगराला सगळ्यात जास्त वजन दिलं होतं. मी तारीख वाचली आणि मला हसावं का रडावं कळेना.

"मॅडम, हा पाडवा हाय."

"म्हणजे?"

"दिवाळीचा पाडवा! तुम्ही कुठल्या?"

त्या नागपूरच्या निघाल्या. मग मी त्यांना सांगितलं. पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवतात. सकाळी अंगणात म्हैस भादरायची, म्हणजे वस्तऱ्यानं अंगावरचे केस काढायचे. तेल लावून आरशागत चकचकीत करायची. मग गल्लीत आणून शिंगं ऑइल पेंटनं रंगवायची, पाठीवर फवाऱ्यानं नक्षी काढायची, मोरपीस बांधायचं आणि मिरवायची. हौसाला यंदा मी रंगवली होती. तीन तास गल्लीत उकिडवी बसून, डबा नाकाजवळ धरून.

"पेटी घरात होती," मी म्हणाले. "अंगणात उडाल्यालं केस तिनं बघितलं. रंग गल्लीत होता, तो तिला दिसलाच न्हाई. पट्टा माझ्या हातात होता, त्यानं रंग सोसला. एकानं केस बघितलं, एकानं रंग सोसला, आणि तुमच्या यंत्रानं दोघांचं लगीन लावून दिलं!"

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "पण रोज संध्याकाळी आम्ही विचारतो, आज घरात काही वेगळं घडलं का? तुमच्या वडिलांनी पाडव्यालाही 'नाही' दाबलंय."

दाबणारच! पाडव्याला म्हैस रंगवली यात आम्हाला काय वेगळं? नसती रंगवली तर वेगळं.

"आणखी एक," मी म्हणाले. "पेटी कुठं ठेवायची असती?"

"मूल झोपतं तिथे. नियम आठ."

आमची पेटी सातही दिवस बाहेरच्या खोलीत, शोकेसवर होती. सरकारी शिक्क्याची वस्तू आली की पप्पा तिला पाहुण्यासारखी बाहेरच्या खोलीत बसवतात. तिला त्यांनी हारही घातला होता.

"मला दुसरं वाचन पाहिजे," मी म्हणाले. "आजपास्नं. पेटी मी झोपते तिथं ठेवीन, नियम आठ. आणि मी गोठ्यात झोपणार हाय."

मॅडमच्या हातातली पोळी हातातच राहिली. म्हणाल्या, "श्वास लागला तर?"

"तर म्हैस मीच टेम्पोत चढवीन."

त्यांनी मला माझा श्वासाचा पंप दाखवायला लावला, चार फोन नंबर लिहून घेतले आणि आईला फोन लावला. आई फोनवर म्हणाली, "झोपू दे मॅडम, तितं तरी लवकर उठंल." वाचन मंजूर झालं. सुनावणी ठरली गुरुवारी, टेम्पो यायच्या तीन दिवस आधी.

पप्पांनी मात्र माझ्याशी बोलणं टाकलं. मी खाट गोठ्यात नेली, डास बसू नयेत म्हणून मच्छरदाणी बांधली, पेटी गव्हाणीच्या कडेला ठेवली. पप्पा दारात उभे राहून सगळं बघत होते. शेवटी आईला म्हणाले, "तिला सांग, एवढा पैका घालून खोली बांधली ती काय शेरडं बांधायला?" आईनं मला सांगितलं नाही. मी तिथंच होते, तिला सांगायची गरज नव्हती.

गल्लीनं हौस भागवून घेतली. "काय नंदू, किती लिटर?" "पेंड खाल्लीस का?" मी प्रत्येकाला उत्तर दिलं. काहींना दोन दिली.

आणि काय सांगू, मला झोप लागली! शेणाचा वास, हौसाचं रवंथ, शेपटीचा फटका मच्छरदाणीवर, आणि मी सकाळी डोळे उघडले तर नाक मोकळं. दुसऱ्या दिवशी मोकळं. तिसऱ्या दिवशी मी पंपाला हात लावला नव्हता. पट्ट्याची रेघ अशी आडवी पडली होती की मला वाटलं बिघडला. हवेत म्हशीचा कोंडा भरपूर होता, पेटी तो इमानदारीत मोजत होती, पण माझे राखणदार त्याच्याकडं बघतही नव्हते. डॉक्टरांनी मला नंतर समजावलं की जी पोरं तान्हेपणापासून गोठ्याच्या हवेत वाढतात, त्यांच्या शरीराला त्या धुळीतल्या जंतूंची पुष्कळदा ओळख होऊन जाते. प्रत्येकाचं तसं होत नाही, काहींना म्हशीच्या केसांचा खरंच त्रास असतो. माझ्या बाबतीत हौसा घरचीच होती.

शनिवारी अकराच्या सुमारास मी अभ्यासाला काचमहालात गेले. गोठ्यात टेबल नाही, गणित मांडीवर सुटत नाही. वीस मिनिटांत पहिली शिंक आली. मग दुसरी. मग मोजणं सोडलं. पट्टा लाल झाला.

मी उठले आणि गोठ्यातनं चोंबडीला उचलून आणली. गादीवर ठेवली. तिनं हवा ओढली आणि तिच्या पडद्यावर दोन खांब सरासरा वर चढले. एक गादीतल्या किड्यांचा. दुसरा बुरशीचा.

पलंग ओढायला मला दहा मिनिटं लागली. त्यामागं, मखमली पडद्याच्या खाली, भिंत काळी पडली होती. हात लावला तर ओली. भिंतीच्या पलीकडं हौसाचा पाण्याचा हौद आहे. पणजोबांच्या काळापासून आहे, ओल तेव्हाही येत असणार. पण वर खिडकी होती, वारा खेळायचा, भिंत वाळायची. दोन वर्षांपूर्वी ती खिडकी बंद झाली. मग गालिचा आला, फोम आला, एसी आला, ऊन गेलं. मी शिंकले की पप्पा दाराच्या फटीला आणखी एक पट्टी चिकटवायचे. मी धापा टाकल्या की आणखी एक पडदा. साध्या सर्दीचा दमा झाला तो इथं, या गादीवर, आणि मी सगळ्यात जास्त आजारी असायचे तेव्हा मला इथंच कोंडून झोपवायचे. मायेनं.

मी खाली बसले आणि रडले. हौसा सुटणार म्हणून आनंदानं रडले असं लिहायला मला आवडलं असतं. पण मला पप्पा दिसत होते. तोंडात खिळे धरून, शिडीवर चढून, फळी ठोकणारे पप्पा. हे त्यांना मी कसं सांगू? "तुमच्या खोलीनं मला दवाखान्यात नेलं," हे वाक्य कुठल्या तोंडानं बोलू?

मी पलंग परत जागेवर सरकवला, पेटी गोठ्यात नेऊन ठेवली आणि कुणाला काही बोलले नाही.

गुरुवारी सुनावणीला आम्ही तिघं गेलो. पप्पा इस्त्रीचा सदरा घालून, माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसले. देशमाने मॅडमनी आलेख लावला.

"म्हैस निर्दोष आहे, हे दिसतंय," त्या म्हणाल्या. "सात रात्री गोठ्यात, आणि पट्टा शांत. पण शनिवारी अकरा ते एक हे काय आहे? पेटी कुठे होती तेव्हा?"

"दप्तरात," मी म्हणाले.

"दप्तरात बुरशी?"

"डबा राहिला होता आत."

"आणि गादीतले किडे?"

मी मनगटावरच्या पट्ट्याकडं बघितलं. मॅडमनी पेन खाली ठेवला. "हे बघ नंदिनी, तू आजारी आहेस हे खरं, म्हणजे कारण आहे. म्हैस नाही तर काय, हा रकाना मला रिकामा ठेवता येत नाही. रिकामा राहिला तर दुसरं वाचन रद्द होतं आणि पहिलं लागू होतं. समजतंय ना?"

समजत होतं. एक शब्द बोलले तर हौसा राहत होती. नाही बोलले तर रविवारी टेम्पो. आठ दिवस मी अख्ख्या पेठेशी भांडले होते ते हौसासाठीच.

"मला म्हाईत न्हाई," मी म्हणाले.

"आठ दिस तोंड बंद झालं न्हाई हिचं," पप्पा एकदम बोलले. आठ दिवसांत पहिल्यांदा, आणि तेही मॅडमकडं बघून. "आता गप्प बसली. मला म्हाईत हाय का गप्प बसली ती. लिवा मॅडम. खोली. बापानं बांधल्याली खोली."

मी त्यांच्याकडं बघितलं.

"शनवारी दुपारी तुझं पांघरूण न्यायला गेलोतो आत," ते म्हणाले. "गालिच्यावर पलंग वडल्याचं वळ हुतं. मीबी वडला."

"पप्पा, तुम्हाला कुठं ठाऊक हुतं..."

"न्हवतं. मुक्या जनावरावर आळ घेतला आणि पोरीला काळ्या भिंतीजवळ निजवलं. दोन वर्सं." त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसलं, इस्त्रीच्या सदऱ्याच्या. "लिवा वो मॅडम, रकाना भरा. माझी सही कुठं पायजे?"

आई म्हणाली, "सही करा आणि चला. धारंची येळ झाली." आणि पप्पांच्या पाठीवरनं एकदाच हात फिरवला.

मॅडमनी रकान्यात लिहिलं, 'बंद खोली, ओल, फोमची गादी'. बाप हा शब्द त्यांनी लिहिला नाही. मी वाकून बघितलं, तेव्हा त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला आणि मला म्हणाल्या, "आता रोज प्रश्नात 'सण होता का' असं टाकायला सांगते वर."

"कुठला सण तेबी इचारा," मी म्हणाले. "आणि म्हैस रंगवली का तेबी."

घरी आल्यावर पप्पांनी सदराही बदलला नाही. गोठ्यातनं पहार आणली आणि काचमहालाच्या प्लायवूडखाली घातली. पहिलं फळकूट कडाड करून सुटलं. मी पुढं झाले, तर म्हणाले, "लांब हो, बुरशी उडंल. तोंडाला रुमाल बांध." मी रुमाल बांधला आणि हातोडी घेऊन शेजारी उभी राहिले. मला लांब होणं जमत नाही, हे त्यांना माहीत आहे. खिळे त्यांनी एकेक करून उपटले आणि माझ्या तळहातावर ठेवले. सत्तावीस होते, गंजलेले.

शेवटची फळी निघाली तशी खिडकीतनं ऊन आत पडलं, त्या काळ्या भिंतीवर, आणि पाठोपाठ हौसाचं डोकं आत आलं. ती हौदावर पाणी प्यायला आली होती. तिनं खोलीभर बघितलं, भिजलेलं नाक पुसल्यासारखं पडद्याला लावलं आणि मग तो मखमली पडदा तोंडात धरून निवांत चघळायला लागली.

"पप्पा, पडदा!" मी ओरडले. केवढ्याचा होता तो, गल्लीतल्या प्रत्येकाला पाठ होतं.

पप्पांनी पहार भिंतीला टेकवली आणि हौसाच्या कपाळावर हात ठेवला.

"खाऊ दे," ते म्हणाले. "तिच्या आईला इकून आणलावता."